सात-बारावरचा परदेशी

अलिबाग तालुक्यातल्या आमच्या नागावात परदेशी माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. माडाखाली उभा राहताना तो वर बघत नाही. इथला माणूस आधी वर बघतो, कुठला नारळ सुटायला आलाय याचा अंदाज घेतो, दोन पावलं बाजूला सरकतो आणि मग गप्पांना सुरुवात करतो. या हिशेबाने शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणारे पाहुणे सगळे परदेशीच. त्यांच्या गाड्या पाखाडीत समोरासमोर अडकल्या की गावाचं हे मत आणखी पक्कं होतं.

२०२५च्या मे महिन्यात मात्र आमच्या आळीत असा एक परदेशी उतरला, ज्याला उभंच राहता येत नव्हतं. वय नऊ महिने, दात दोन, मुक्काम शेजारच्या तात्यांच्या पडवीतल्या पाळण्यात. तात्यांचा हा पहिला नातू न्यू जर्सीत जन्मला. मुलगा-सून दोघंही तिकडे नोकरीला आणि दोघांचेही पासपोर्ट भारताचे. नातवाचा पासपोर्ट अमेरिकेचा. दोन्ही देशांचे पासपोर्ट निळेच असल्यामुळे पहिले काही दिवस तात्यांच्या हे लक्षातच आलं नाही. मग एका सकाळी चष्मा लावून ते कपाटातले कागद चाळत बसले, तेव्हा त्यांना सिंहांच्या जागी गरुड दिसला. ते तसेच बनियनवर माझ्या अंगणात आले.

“मास्तर, आई भारतीय, बाप भारतीय, आजा-पणजा याच वाडीत राबले. मग हे पोर परदेशी कसं?”

मी शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचो. नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय. अफझलखान आणि पानिपत आटोपून वर्षात दिवस उरलेच, तर तो शिकवायचा. दिवस फारसे उरत नसत. तरीही कुणाचं कायद्यात काही अडलं की गाव माझ्याकडे येतं, कारण वकील पैसे घेतो.

तात्यांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. परदेशात जन्मलेलं मूल आईबापांच्या नागरिकत्वामुळे भारतीय होऊ शकतं, असं १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं चौथं कलम सांगतं. फक्त २००४च्या डिसेंबरपासून एक अट आली. जन्मल्यापासून वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत मुलाची नोंद करायची आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर दिल्लीची परवानगी लागते. कायद्याची ही कुंडली मांडताना मी सहज बोलून गेलो, की १९९२च्या डिसेंबरपर्यंत यात फक्त बापाचं नागरिकत्व धरत. आई भारतीय आणि बाप परदेशी असला, तर बाहेर जन्मलेलं मूल त्या आईच्या जोरावर भारतीय होत नसे.

कुंपणापलीकडून वहिनींचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, आवाज आला. “म्हणजे ब्याण्णवपर्यंत नऊ महिने सरकारने कुणाच्या नावावर टाकले होते?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तात्यांनी विषय बदलला. “अजून वर्ष झालेलं नाही पोराला. तीन महिने हातात आहेत. नोंद करून टाकू. अमेरिकेचा पासपोर्ट परत करू.”

“तात्या, तो अमेरिकेत जन्मला म्हणजे तिथला नागरिक झालाच. आणि अमेरिकेच्या नागरिकाने त्यांच्याच पासपोर्टवर देशात यायचं-जायचं, असा त्यांचा कायदा आहे. तो पासपोर्ट टाकला तर पोर परत कसं जाणार?”

पुन्हा कुंपणापलीकडून : “परत कशाला जायला हवं?”

नागरिकत्व कायद्यात अनेक शक्यतांचा विचार केलेला आहे. या शक्यतेचा केलेला नाही.

खरी गंमत याच चौथ्या कलमाच्या एका पोटकलमात दडली आहे. अशा रीतीने भारतीय झालेलं अज्ञान मूल त्याच वेळी दुसऱ्या देशाचंही नागरिक असू शकतं, हे तिथे कायद्याने गृहीतच धरलंय. सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारताचं संपेल, एवढीच ताकीद. जो देश दुहेरी नागरिकत्व चालणार नाही असं घटनेच्या नवव्या कलमापासून बजावत आलाय, तोच देश साडेअठरा वर्षांपर्यंतच्या पोराकडे काणाडोळा करतो. मात्र दुसरा पासपोर्ट बाळगायचा नाही. नागरिक असा, फक्त पुस्तक घेऊ नका! न्यू जर्सीच्या पोराला याचा उपयोग शून्य, पण तात्यांना हे पोटकलम फार आवडलं. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं.

तसं बघितलं तर नातवाची दुहेरी नोंद जन्मल्याबरोबरच होऊन गेली होती. पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, त्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, ही आमच्याकडची रीत. पण पाचवी रात्र कुठली धरायची, नागावची की न्यू जर्सीची? ऑगस्टात दोन्हींत साडेनऊ तासांचं अंतर. आमच्याकडे पाचवी उजाडली तेव्हा तिकडे चौथीच्या रात्रीची जेवणं व्हायची होती. वहिनींनी धोका पत्करला नाही. इथे पाट मांडला आणि सुनेला फोन करून तिकडेही मांडायला लावला. सटवाईने दोन्ही ठिकाणी वेगवेगळं लिहिलं असेल तर कुठलं लागू, हे ठरवणारं कार्यालय अजून निघालेलं नाही.

नागरिकत्वाच्या या गुंत्याने आपल्यापेक्षा मोठी डोकी शिणवली आहेत. १९४९च्या ऑगस्टमध्ये घटना समितीत हा विषय निघाला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी कबूल केलं होतं, की एकच कलम वगळलं तर मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दुसऱ्या कुठल्याच कलमाने दिलेली नाही. बाबासाहेबांसारख्या माणसाचं जिथे डोकं दुखलं, तिथे तात्या बनियनवर बसून कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उपाय शोधत होते.

उपाय सरकारने आधीच शोधून ठेवला आहे, आणि तो अस्सल सरकारी आहे. परदेशस्थ भारतीयांना दुहेरी नागरिकत्व द्यावं, अशी शिफारस लक्ष्मीमल सिंघवींच्या समितीने २००२मध्ये केली. पुढाऱ्यांनी भाषणांत ‘दुहेरी नागरिकत्व’ जाहीरही करून टाकलं, टाळ्या पडल्या. कायदा होऊन हातात आलं ते कार्ड. ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, बोलीभाषेत ओसीआय. २००६च्या जानेवारीत हैदराबादच्या सोहळ्यात पहिली कार्डं वाटली. नावात नागरिक असलेला हा माणूस कायद्याने परदेशीच असतो. आजन्म व्हिसा नको, पोलिसांत हजेरी नको, किल्ल्या-संग्रहालयांचं तिकीट भारतीयांच्या दराने. पण मत नाही, निवडणुकीला उभं राहणं नाही, सरकारी नोकरी नाही आणि शेतजमीन विकत घेणं नाही.

“म्हणजे पाहुण्यासारखा पाहुणा, घरच्यासारखा घरचा,” तात्या म्हणाले. “आमच्या जावयासारखं.”

जावयाचा विषय मी वाढवला नाही. पण यादीतलं ‘निवडणुकीला उभं राहणं नाही’ तात्यांच्या मनाला लागलं. त्यांनी स्वतः एकदा पंचायतीची निवडणूक लढवली होती आणि ती कशी गेली याबद्दल आळीत बोलायचं नाही, असा संकेत आहे. नातू ते शल्य काढेल, अशी आशा असावी. मी त्यांना समजावलं, की अमेरिकेत जन्मलेल्याला वयाची पस्तीस वर्षं पुरी झाली, की तिथल्या राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहता येतं.

“आणि नागावचा सरपंच?”

“ते नाही. त्याला इथल्या मतदारयादीत नाव लागतं.”

तात्या बराच वेळ गप्प होते. जगाचं अण्वस्त्रांचं बटण ज्याच्या हाती देता येईल, त्याच्या हाती नळपाणी योजनेचा व्हॉल्व्ह देता येत नाही, हे पचायला वेळ लागतो. वास्तविक उलट बाजूनेही अडचण आहेच. आपल्याकडे २००१च्या सप्टेंबरनंतर दोनपेक्षा जास्त मुलं झालेल्याला पंचायतीची दारं बंद होतात. अमेरिकेच्या आत्ताच्या राष्ट्राध्यक्षांना पाच मुलं, त्यातलं धाकटं २००६चं. म्हणजे वॉशिंग्टनला दोनदा निवडून आलेला माणूस नागावात छाननीतच बाद झाला असता.

याच गृहस्थांनी २०२५च्या २० जानेवारीला, खुर्चीत बसल्या बसल्या, एक हुकूम काढला होता. तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या मुलांना यापुढे जन्माने नागरिकत्व नाही आणि हे तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्यांना लागू. तिथल्या घटनेची १८६८ची चौदावी दुरुस्ती याच्या उलट सांगते, म्हणून न्यायालयांनी हुकूम अडवला. पण मधल्या काळात तिकडच्या काही भारतीय डॉक्टरांकडे मुदतीआधी सिझेरियन करून देता का, अशी विचारणा झाल्याच्या बातम्या आपल्या पेपरांत आल्या. जोशीबुवांचा मुहूर्त चुकला तर शांत करता येते. व्हाइट हाउसचा मुहूर्त चुकला तर ती सोय नाही. तात्यांचा नातू ऑगस्टातच येऊन बसलेला असल्यामुळे तात्यांनी मागाहून हुकूमही आवडीने वाचला आणि निकालही.

गावात लवकरच या विषयाला तोंडं फुटली. पारावर कुणी म्हणालं, गोव्याची माणसं पोर्तुगालचा पासपोर्ट काढतात तसा काही मार्ग बघा. गोष्ट खरी आहे. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या दप्तरात जन्मनोंद करून पोर्तुगीज होता येतं, आणि तसं झालं की भारताचं नागरिकत्व सुटतं. मडगावच्या घराण्यातले आंतोनियो कोश्ता पोर्तुगालचे पंतप्रधान असताना २०१७मध्ये बंगळुरूला आले, तेव्हा आपल्या पंतप्रधानांनी त्यांना ओसीआय कार्ड दिलं. म्हणजे दुसऱ्या देशाचा पंतप्रधानही आपल्याकडे तात्यांच्या नातवाच्याच पंगतीत बसतो.

मग आम्ही काय घोडं मारलंय? पोर्तुगीज आमच्या उशाशीच तर होते. रेवदंडा आणि चौल त्यांच्या ताब्यात होतं, समोर कोर्लईच्या टेकडीवर त्यांचा किल्ला. कोर्लईतल्या ख्रिस्ती आळीत आजही घरी जी बोली बोलतात, ती पोर्तुगीजाची लेक. पण मराठ्यांनी १७४०मध्ये हा मुलूख घेतला. कोर्लईकर गोव्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी मुक्त झाले आणि तिथेच लिस्बनच्या पासपोर्टला मुकले. स्वातंत्र्य लवकर मिळण्याचा असा तोटा शाळेच्या पुस्तकात नव्हता.

आपल्या किनाऱ्यावर कागद दाखवल्याशिवाय कुणी फिरू नये, हा नियम पूर्वी आपणच करत होतो. पोर्तुगीज आपल्या सह्यांचे परवाने सगळ्या गलबतांवर लादत, तेव्हा कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचं दस्तक काढलं. आंग्र्यांचं दस्तक नसेल तर जहाज धरून कुलाब्याला आणायचं. इंग्रजांना हा अपमान वाटला, ते आयुष्यभर त्यांना चाचा म्हणत राहिले. आज त्यांच्या वकिलातींच्या दारात दस्तकासाठी रांग लावताना मला कान्होजींची फार आठवण येते. त्याही आधी, १४६९च्या सुमारास, अफनासी निकीतिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. त्याला व्हिसा कुणी विचारला नाही. विकायला आणलेला घोडा मात्र जुन्नरच्या खानाने काढून घेतला आणि धर्म बदल, मग घोडा परत देतो, म्हणून सांगितलं. निकीतिन हट्टाने आपल्या धर्मावर राहिला आणि घोडाही घेऊन सुटला. नागरिकत्वाची एवढी सरळ परीक्षा पुढे कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही. आता रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे.

या सगळ्यात खरा अनुभव मात्र आपल्या किनाऱ्यावरच्या ज्यूंचा, बेने इस्राएलांचा. अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. त्यांचे पूर्वज गलबत फुटून तिथे किनाऱ्याला लागले, असं ते सांगतात. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. गावोगाव पांगले आणि गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनावं घेतली : किहीमकर, पेणकर, रोहेकर. १९५०मध्ये इस्रायलने परतीचा कायदा केला. ज्यू असाल तर या आणि नागरिक व्हा. हे गेले. तिथला पासपोर्ट घेतला आणि इथलं नागरिकत्व आपल्या कायद्याने आपोआप संपलं. तिथे गेल्यावर धर्मपीठाने विचारलं, तुमची आजी, पणजी नक्की ज्यूच होती ना? रोह्याच्या पणजीचा दाखला जेरुसलेममध्ये कुठून आणणार? माणसं सहकुटुंब धरण्याला बसली, तेव्हा कुठे १९६४मध्ये त्यांच्या संसदेने, हे आपल्याइतकेच ज्यू आहेत, असं ठणकावलं. आपल्याकडे ब्याण्णवपर्यंत आईला मोजत नव्हते आणि त्यांच्याकडे आईवाचून कशालाच मोजत नाहीत. वहिनींना हे सांगितल्यावर त्यांचं इस्रायलबद्दलचं मत एकदम सुधारलं.

एकदा त्यांच्यातली एक वृद्धा आजोळ शोधत चुकून आमच्या नागावात आली. नकाशात नवगाव टाकलं की नागाव आणि नागाव टाकलं की नवगाव, असं होतं. चूक कळूनही ती बाई बाजारात थांबली आणि कोळणीशी असा भाव केला की आमच्या बायका बघत राहिल्या. मराठी आमच्या आजीच्या वळणाची, त्यात मोबाइल, इंटरनेट वगैरे काही मिसळलेलं नाही. कोळंबीकडे तिने बघितलंही नाही, धर्मात बसत नाही म्हणून. जिताडा मात्र कल्ला वर करकरून तपासला. तिच्या पर्समध्ये दोन पुस्तकं होती, इस्रायलचा पासपोर्ट आणि ओसीआय. इस्रायलमध्ये सक्तीची लष्करी नोकरी करावी लागते आणि परदेशी लष्करात काम केलेल्याला ओसीआय मिळत नसे. २०१७च्या जुलैत आपल्या पंतप्रधानांनी तेल अवीवमध्ये ही अडचण दूर करायचं जाहीर केलं, तेव्हा तिकडचे रोहेकर-पेणकर सभागृहात टाळ्या वाजवत होते.

नावांच्या घोळात आमचं गाव आणखी एका ठिकाणी सापडतं. संगणकावर ‘नागाव’ टंकलं की यादीत पहिलं येतं ते आसामातलं. तिथल्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीची अंतिम यादी २०१९मध्ये लागली आणि एकोणीस लाखांवर माणसं यादीबाहेर राहिली. २४ मार्च १९७१च्या आधीपासून आपण इथलेच, हे दाखवायला माणसं आजोबांच्या काळातले चिठोरे शोधत होती. त्या नागावकरांना एक नागरिकत्व मिळेनासं झालंय, या नागावकरांना दोन हवी आहेत. तात्यांनी स्वतःचा पासपोर्ट काढला तेव्हा जन्मस्थळ नागाव बघून त्यांना आसामचे ठरवायचं थोडक्यात राहिलं. त्यात जन्मदाखल्यावर जिल्हा कुलाबा, कारण आमचा जिल्हा रायगड झाला तो १ जानेवारी १९८१ला. “कुलाबा म्हणजे गेटवेच्या मागे राहत होता का?” असं खिडकीतून विचारलं गेलं. तात्यांनी नाही म्हटलं. मुंबईत घर असल्याचं लेखी सिद्ध होत असताना नाही म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

नातवाचं ओसीआय काढायचं राहिलं होतं, म्हणून पहिल्या खेपेला तो व्हिसावर आला होता. तात्यांच्या वाडीत पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. बाहेर पाटी : घरगुती जेवण, मोदक ऑर्डरप्रमाणे. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत फॉर्म सी भरून कळवायचं, हा नियम त्यांना पाठ. एका फ्रेंच जोडप्याच्या वेळी विसरले होते, तेव्हापासून तर फारच पाठ. मुलगा म्हणाला, “बाबा, हा घरातला आहे.” तात्या म्हणाले, “पासपोर्टवर तसं लिहिलेलं नाही.” मग आम्ही दोघांनी फॉर्म भरला. कुठून आले? न्यू जर्सी. पुढे कुठे जाणार? आजोळी, पेणला. भेटीचा हेतू? इथे तात्यांनी ‘दूध व झोप’ असं लिहायला सांगितलं, मी नातेवाइकांची भेट लिहिलं. भारतात नोकरी करता का? तात्या म्हणाले, “लिहा, सध्या नाही.”

ओसीआयच्या अर्जाची तयारी इथेच करून न्यायचं ठरलं. फोटो चौकोनी हवा, मागची बाजू फिक्या रंगाची हवी, पण पांढरी चालत नाही. घराच्या भिंती सगळ्या पांढऱ्या, तात्यांनी गणपतीला रंगवलेल्या. शेवटी वहिनींचं मोतिया रंगाचं लुगडं दोन पोफळींना बांधलं. दोन्ही डोळे उघडे आणि तोंड बंद, अशा अवस्थेत नऊ महिन्यांचं मूल दिवसातून किती वेळ असतं? साधारण शिंक येण्याआधी अर्धा क्षण. तो क्षण सुनेने पकडला. मग सहीची चौकट आली. सही येत नसेल तर अंगठा. तात्यांचे आजोबा सावकाराच्या कागदावर अंगठा उठवायचे. त्याचं शल्य म्हणून त्यांनी मुलाला शिकवलं, त्या मुलाने तात्यांना मॅट्रिक केलं, तात्यांनी पोराला इंजिनियर केलं, पोर अमेरिकेत गेलं, आणि आता पाचव्या पिढीचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवायला चार माणसं धरून बसली होती. घराणं फिरून तिथेच आलं. फक्त समोर सावकाराच्या जागी भारत सरकार.

ओहोटी बघून एका सकाळी सगळे कुलाब्याच्या किल्ल्यात गेले. तात्या तिकिटाच्या खिडकीशी भांडायच्या तयारीनेच गेले होते : परदेशी दर देणार नाही, पोर या किल्ल्याच्या धन्यांची रयत आहे. खिडकीतला माणूस सगळं ऐकून म्हणाला, पंधरा वर्षांच्या आतल्यांना तिकीट नाही, कुठल्याही देशाचं असो. तयार केलेलं भाषण वाया गेल्यामुळे तात्यांचा दिवसभर मूड नव्हता.

पण हे सगळं वरवरचं. नागावात नागरिक कोण, हे पासपोर्टवरून ठरत नाही. ते सात-बारावरून ठरतं. माणूस डोंबिवलीला राहो, दुबईला राहो, सात-बारावर नाव आहे तोवर तो गावचा. पालखीला त्याची वर्गणी लागते, बांधावरून भांडायचा त्याचा हक्क शाबूत असतो. देशाचं नागरिकत्व दुसरा पासपोर्ट घेतला की जातं, सात-बाऱ्यावरचं मरणानेसुद्धा जात नाही. तात्यांच्या वाडीच्या उताऱ्यावर एक चुलत आत्या आहे. तिला जाऊन इतका काळ लोटला, की तिचा फोटोदेखील भिंतीवरून उतरलाय, पण ‘इतर हक्क’ या रकान्यातून ती हललेली नाही. दोन चुलते ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून नांदताहेत. कुटुंब कधीच विभक्त झालं आणि मॅनेजर दोघेही वैकुंठाला. खुद्द तात्यांच्या नावापुढे अजून ‘अ.पा.क. आई’ आहे. म्हणजे तात्या अज्ञान आणि त्यांची पालनकर्ती आई. तात्यांचं वय आज त्र्याहत्तर.

त्यातून सरकारने २०२५मध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली. मेलेल्यांची नावं कमी करून वारसांची लावायची. तात्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. देशाच्या यादीत नातू बसत नसेल तर न बसो, वाडीच्या यादीत बसवून टाकू. या बाबतीत कायदाही मजेदार आहे. ओसीआय असलेल्याला शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही, बक्षीसही घेता येत नाही. पण वारसाने आली तर घेता येते. उलट ज्याच्याकडे भारताचा चोख पासपोर्ट आहे, पण कुठेच शेती नाही, अशा दादरच्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन विकत मिळत नाही, त्याला आधी शेतकरी असल्याचा दाखला लागतो. अलिबाग तालुक्यात शेतकरी झालेल्या मुंबईकरांची संख्या आणि त्यांनी काढलेलं भाताचं पीक यांचा मेळ मी तरी घालायला जाणार नाही. एकूण नागावच्या वाडीपुरतं बघायचं, तर न्यू जर्सीतलं नऊ महिन्यांचं परदेशी पोर दादरच्या अस्सल भारतीयापेक्षा पुढे. त्याच्या वाट्याला किती येईल, हा भाग वेगळा. चुलते, आत्या, त्यांची मुंबईतली प्रजा, सगळे हिस्से काढले तर एका पोफळीची दुपारची सावली येईल. तीही ऊन कुठल्या बाजूने आहे त्यावर.

आम्ही तलाठी कार्यालयात गेलो. तलाठ्याचं नाव सरकारने आता ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण आत जाताना सगळे तलाठीच म्हणतात, आणि काम झालं नाही की बाहेर येताना आणखी काही. खुर्चीत तरुण मुलगा होता. मोहिमेमुळे टेबलावर मृत्यूच्या दाखल्यांची चळत. तात्यांनी चुलत आत्या आणि दोन्ही मॅनेजर यांचे कागद पुढे केले. तो मुलगा खूश झाला. मग तात्यांनी खिशातून नातवाच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स काढली. त्यावर न्यू जर्सीचा शिक्का होता.

“याचंही नाव आत्ताच लावून घ्या.”

मुलाने कागद उलटसुलट करून पाहिला. “आजोबा, हा परदेशी नागरिक आहे. ओसीआय आलं तरी याला बक्षीसपत्राने शेतजमीन देता येत नाही. वारसाने किंवा मृत्युपत्राने मिळते.”

“मग मृत्युपत्राने लावा. मी आजच लिहून देतो.”

“लावू ना. मयताचा दाखला आणलाय?”

“कुणाचा?”

“तुमचा.”

परतताना तात्या रिक्षात काही बोलले नाहीत. घरी येऊन हातपाय धुतले, पाळण्याची दोरी हातात घेतली आणि मला म्हणाले, “मास्तर, पोर परदेशी आहे तर काय बिघडलं? राहू दे अजून वीस-पंचवीस वर्षं.”